रात्रपाळीचं हजेरीपुस्तक

नाशिकच्या कारखान्यांच्या अंबडला रात्र सलग येत नाही, पाळ्यांनी येते. अकराला दुसरी पाळी सुटते आणि तिसरी आत जाते. त्या अर्ध्या तासात कंपन्यांच्या बसगाड्या, हँडलला डबे अडकवलेल्या मोटारसायकली, भुर्जीच्या गाडीवर तव्यावर आपटणारा उलथणा असा दिवसासारखाच गलबला असतो. मग एकच्या सुमारास गल्ली निवते. तरी पूर्ण शांतता नसतेच. कुठल्याशा शेडमधलं पॉवर प्रेस ठरावीक अंतराने धप्प, धप्प करत राहतं आणि इथे मुरलेल्या माणसाला त्या आवाजावाचून झोप येत नाही. नेमक्या त्या वेळी आमची मांजर सुंठी अंग ताणते, न्हाणीघराच्या खिडकीतून शेजारच्या पत्र्यावर उतरते आणि कामावर जाते.

दिवसा ती आमची असते. शिलाई मशीनच्या झाकणावर गोल होऊन झोपते, दुधाच्या पातेल्याचं झाकण वाजलं की एक डोळा उघडते, सासूबाईंच्या पोथीवर हक्काने बसते. रात्री ती कोणाची असते, कुठे जाते, कोणाशी भांडते, काय खाते, हे मला कळलेलं नाही. पहाटे परत येते तेव्हा पाठीवर कधी ग्रीसचा डाग असतो, कधी मिशीला कोळिष्टक. विचारलं तर पाय चाटत बसते.

मात्र तिने न सांगितलेलं थोडंफार कळतं, आणि ते कळण्याची वाट जरा किळसवाणी आहे. शेपटीखाली चिकटलेला कण, ओकारीत आलेला दोरा, राखेच्या घमेल्यातली विष्ठा. हे सुंठीच्या रात्रपाळीचं हजेरीपुस्तक आहे. तिच्या पोटात कोण राहायला आलंय यावरून ती कुठे जाऊन आली ते वाचता येतं. जंताचं औषध कधी द्यायचं याचं उत्तरही, माझ्या मते, आधी तिथेच शोधावं आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळावं.

शेपटीच्या केसांत किंवा तिच्या झोपायच्या जागेवर तांदळाच्या कणीएवढं पांढरं काही दिसलं आणि ते ताजं असताना वळवळलं, तर तो फीतकृमीचा, म्हणजे चपट्या जंताचा, तुटून आलेला तुकडा. वाळला की तो तिळासारखा पिवळट दिसतो आणि झाडताना केराबरोबर निघून जातो. डिपायलिडियम नावाचा हा कृमी मांजराला दुसऱ्या मांजराकडून थेट मिळत नाही, तो पिसवेतून येतो. पिसवेची अळी धुळीतली त्याची अंडी खाते, तिची पिसू होते, ती मांजराच्या अंगावर चढते आणि अंग चाटता चाटता मांजर ती गिळून टाकतं. म्हणजे ती कणी सांगते, की बाई कुठल्यातरी वॉचमनच्या कुत्र्याच्या गोणपाटावर लोळून आल्या. मांजरावरची पिसूच कुत्र्यावरही सर्रास राहते. तिला दोघांचं वैर ठाऊक नाही.

तुकडा जरा मोठा, चौकोनी निघाला तर गोष्ट निराळी. तो टिनिया जातीचा असू शकतो आणि त्याचा रस्ता उंदराच्या यकृतातून येतो. तिथे तो अळीच्या रूपात, गाठीसारखा, दबा धरून असतो. मांजराने उंदीर खाल्ला की त्याचं उरलेलं आयुष्य मांजराच्या आतड्यात सुरू होतं. आमच्याकडे उंदरांना तोटा नाही. गोदामं आहेत, खानावळी आहेत, खोक्यांचे ढीग आहेत. अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने 2017 साली उठवला, तो पुन्हा बसला आणि पुन्हा उठवावा लागला. दुकानदारांचं काय झालं ते वर्तमानपत्रांत आलं. उंदीर कुठे गेले ते कोणी छापलं नाही. सुंठीला बहुधा माहीत असावं.

तिसरी नोंद सगळ्यात जुनी, तिच्या जन्माइतकी. ओकारीत किंवा विष्ठेत बोटभर लांब, पांढरट, दोन्हीकडे निमुळता जंत दिसला तर तो गोलकृमी, टॉक्सोकारा कॅटी. मांजरीच्या अंगात त्याच्या अळ्या झोपलेल्या असतात, पिल्लं झाली की त्या दुधात उतरतात आणि पिल्लू पहिल्या घोटापासून त्यांना पोटात घेऊ लागतं. कुत्रीच्या पिल्लांना हा वारसा गर्भातच मिळतो, मांजरीच्या पिल्लांना दुधातून. म्हणून फुगलेलं पोट, बारीक पाय आणि खरबरीत केस असलेलं पिल्लू दिसलं की ‘खाऊन-पिऊन गुटगुटीत झालंय’ असं म्हणू नये. ते पोट बहुतेक वेळा दुसऱ्यांचं असतं.

पिल्लांच्या बाबतीत हजेरीपुस्तक बघत बसायचं कारणच नाही, तिथे तारखेनेच चालावं. तीन आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग दर दोन आठवड्यांनी, दूध सुटल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. त्याच वेळी आईलाही. हे वारंवार का, तर औषध आतड्यातले जंत मारतं, अंगात हिंडणाऱ्या अळ्यांपर्यंत ते फारसं पोचत नाही. त्या अळ्या काही दिवसांनी आतड्यात येतात तेव्हा आधीचं औषध केव्हाच शरीराबाहेर गेलेलं असतं. एक डोस दिला आणि झालं, असं म्हणणारा माणूस अर्ध्या जंतांना सोडून देत असतो.

मोठ्या मांजराचं तसं नाही. युरोपातल्या परजीवीतज्ज्ञांची एसकॅप नावाची संस्था आहे. ती मांजराच्या जगण्यावरून धोका ठरवते. घराबाहेर न पडणाऱ्याला वर्षातून एकदा-दोनदा, बाहेर हिंडून शिकार करणाऱ्याला निदान चारदा. आपल्याकडचे डॉक्टरही कार्डावर साधारण ‘तीन महिन्यांनी’ असंच लिहून देतात. मला यातली चार ही संख्या तेवढी महत्त्वाची वाटत नाही, तिच्यामागचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: तुमचं मांजर रात्री कुठे असतं? पाथर्डी फाट्याकडच्या नव्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर जाळी लावलेल्या बाल्कनीत बसून कबुतरांकडे बघणारं मांजर आणि आमच्या गल्लीतली सुंठी यांची जात एक असेल, आयुष्य एक नाही. दोघांना एकाच तारखेला एकच गोळी देण्यात सोय आहे, विचार नाही. सुंठीच्या वर्षात मी पावसाळा मधोमध धरते. ओली, कोमट माती आणि पिसवांचा सुकाळ, असे ते महिने असतात. तोंडावर एक डोस, ओसरल्यावर एक, मधल्या काळात शेपटीखाली नजर आणि उरलेले डॉक्टरांशी बोलून.

लहान मुलांना मात्र सरकार एकाच तारखेला गोळी देतं, आणि ते बरोबरच आहे. 2015 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला, तेव्हापासून अंगणवाडीत आणि शाळेत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची चघळायची गोळी मिळते, दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धी. कोट्यवधी मुलांची विष्ठा तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांना गोळी देणं स्वस्त आणि सोपं, हा त्यामागचा हिशेब. आमच्या गल्लीतही ती येते, मुलं तोंडं वेडीवाकडी करत चघळतात, आणि कोणाच्या तरी घरी एखादी उरते. ती उरलेली गोळी मांजराला देऊ नका. अल्बेंडाझोलमुळे मांजराच्या अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी घटल्याचं पशुवैद्यकात नोंदलेलं आहे. माणसाच्या लेकराला चालतं ते मांजराच्या लेकराला चालेलच, ही समजूत प्रेमातून येते, पण प्रेमाला मात्रा कळत नाही.

घरगुती औषधांचंही तेच. सासूबाईंच्या पिढीने तान्ह्या बाळांना वावडिंग घालून उकळलेलं दूध पाजलं, डिकेमाली उगाळली, आणि मूल झोपेत दात खाऊ लागलं की जंत झाले असं डोळे मिटून सांगितलं. त्या ठेवणीतला एक उपाय मांजरावर फिरतो तो लसणाचा. ठेचून, दुधात मिसळून. लसूण आणि कांदा दोन्ही मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे कांद्याला नावं ठेवायची म्हणजे धाडसच, पण मांजरापुरतं ते ठेवायलाच हवं. कांद्याच्या फोडणीचा रस्साभातसुद्धा तिच्या वाटीत नको.

दुधाची गंमत तर वेगळीच. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब होतात. घरचे म्हणतात जंत झाले, गोळी देतात, वर अशक्तपणा आला म्हणून आणखी दूध. जुलाब जंतांनीही होतात, दुधानेही, आणखी दहा कारणांनीही. उलट पोटात जंत घेऊन तुकतुकीत कातडीने हिंडणारी मांजरं कितीतरी असतात. दिसलं तरच औषध, हा नियम म्हणून लंगडा पडतो.

मग विष्ठा तपासून घ्यावी. त्यासाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. भिंतींवर लाळ्या-खुरकताचे आणि घटसर्पाचे तक्ते, समोर गाय अडकवायचा लोखंडी खोडा. तिथे छोटी डबी घेऊन उभं राहायला पहिल्यांदा संकोच वाटतो. तपासणी साधीच असते. विष्ठा मिठाच्या किंवा झिंक सल्फेटच्या दाट द्रावणात कालवतात, गाळतात, नळीत काठोकाठ भरून वर काच ठेवतात. अंडी हलकी, ती वर तरंगून काचेला लागतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली जाड, खडबडीत कवचाचं गोल अंडं दिसलं, की टॉक्सोकारा पकडला गेला. मात्र अहवाल ‘नाही’ आला म्हणून मोकळं होता येत नाही. फीतकृमीची अंडी त्या तुकड्यांतच बंद असतात, काचेपर्यंत बऱ्याचदा येतच नाहीत. आणि जंत अजून कोवळे असतील, तर ते अंडी घालत नाहीत. डबीतलं पान आणि शेपटीखालचं पान, दोन्ही वाचावी लागतात.

कधी द्यायचं ते ठरलं, की डॉक्टर पहिला प्रश्न वजनाचा विचारतात. मांजराचं वजन अंदाजाने सांगणं ही आपली खोड. केसाळ दिसतं म्हणून चार किलो, हाताला हलकं लागतं म्हणून दोन. आमच्याकडे घरात काटा नव्हता. रद्दीवाल्याकडे हातात धरायचा ताणकाटा होता. सुंठीला बाजाराच्या कापडी पिशवीत घातलं, तोंड बाहेर ठेवलं आणि आकड्याला अडकवलं. तिने अशा काही नजरेने रद्दीवाल्याकडे पाहिलं, की तोच हसून म्हणाला, “मावशी, हिला काय भाव लावू?” भरली तीन किलो दोनशे. घरी माणसाचा काटा असेल तर मांजर कडेवर घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, पण त्या काट्यावर आपला आकडाही कळतो, हा त्याचा तोटा.

वजन कळल्यावर पुढची युक्ती बहुतेकांना सुचते: दुकानात कुत्र्याची गोळी सहज मिळते, दहा किलोला एक. मोडली चौथाई, दिली मांजराला. हे गणित वरून बरोबर दिसतं आणि आतून फसतं. सर्वसाधारण कुत्र्याच्या गोळीत दहा किलोसाठी 50 मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल आणि 144 मिलिग्रॅम पायरँटेल पामोएट असतं, शिवाय तिसरंही एक औषध. मांजराच्या गोळीत चार किलोसाठी 20 मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल, पण पायरँटेल मात्र 230. म्हणजे फीतकृमीचं औषध किलोमागे दोघांना सारखं, आणि गोलकृमीचं मांजराला चौपट. अडीच किलोच्या मांजराला ती चौथाई दिली तर पायरँटेल मिळतं 36 मिलिग्रॅम, लागतं 144 च्या आसपास. चपटे मरतील, गोल राहतील, आणि आपण औषध दिल्याच्या समाधानात तीन महिने निर्धास्त. मांजर म्हणजे छोटं कुत्रं नव्हे, हे मांजर सतत सांगत असतंच. औषधकंपन्यांनाही ते मान्य आहे.

पिसवांच्या थेंबांबाबत तर ही गल्लत जीव घेते. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं. मांजराचं शरीर ते पचवू शकत नाही, झटके येतात, मरतं. पिसवा घालवायला मांजराचंच औषध आणावं, आणि घालवाव्या तर लागतातच. पिसवा राहिल्या, की फीतकृमी तीन आठवड्यांत परत तुकडे टाकायला लागतो. गोळीचा असर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. ती आत असलेल्यांना बाहेर काढते, येणाऱ्यांना अडवत नाही.

द्यायची कशी, यावर प्रत्येक घराची एक लढाई असते. सुंठी सुकटीच्या चुऱ्यात दडवलेली गोळी चाटून पुसून बाजूला ठेवते, शपथेवर. तेव्हा जुनी रीतच बरी. टॉवेलात पंजे गुंडाळून मांडीत घ्यायचं, वरचा जबडा मागून दोन बोटांनी धरून तोंड वर करायचं, गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची, तोंड मिटून गळ्यावरून बोट फिरवायचं. नंतर चमचाभर पाणी किंवा सूप पाजायचं, गोळी अन्ननलिकेत अडकून राहू नये म्हणून. पातळ औषध असेल तर पिचकारी गालाच्या कोपऱ्यातून, हळूहळू. प्राझिक्वांटेल कडूजहर असतं, तोंडाला फेस येतो, घरातली मुलं घाबरतात. थोड्या वेळाने तो थांबतो. उपाशी ठेवायची गरज नसते. आणि दुसऱ्या दिवशी घमेल्यात काही दिसलं नाही म्हणून गोळी वाया गेली असं समजू नये. मेलेला फीतकृमी बहुतेक वेळा आतड्यातच पचून जातो.

मागे समोरच्या घरातल्या काकू आल्या. सुनेला दिवस गेलेले. मांजरामुळे पोटातल्या बाळाला धोका असतो असं कोणीतरी सांगितलं होतं, आणि आमची सुंठी तर त्यांच्या ओट्यावर रोज बसते. “तुम्ही हिला जंताचं औषध दिलंय ना?” त्यांनी विचारलं. दिलं होतं. पण त्यांना ज्याची भीती होती तो टॉक्सोप्लाझ्मा, तो जंत नव्हेच, एकपेशीय जीव आहे, आणि या गोळीने तो जात नाही. त्याची बीजं विष्ठेतून पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. घमेलं रोजच्या रोज दुसऱ्या कोणी साफ केलं, सुनेने बागेच्या मातीत हात घातला नाही, भाजी धुऊन आणि मटण नीट शिजवून खाल्लं, तर मांजराला हाकलायचं कारण उरत नाही. काकूंना ते पटलं असावं. बाळाच्या पाचवीला सटवाई पूजायची ती त्याच घरात, आणि षष्ठीदेवीचं वाहन कोण, हे त्यांनाही ठाऊक आहे.

गोलकृमीचा हिशेब याहून लांबचा. ताज्या विष्ठेतलं त्याचं अंडं कोणाला बाधत नाही, ते मातीत दोन-चार आठवडे पिकावं लागतं. पिकलं की मात्र वर्षानुवर्षं जिवंत राहतं. ते मुलाच्या हातातून पोटात गेलं तर अळी माणसात वाढून जंत होत नाही, वाट चुकल्यासारखी अंगात हिंडते, यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात. डोळ्यात गेली तर नजर जाऊ शकते.

आणि आमच्या भागात माती म्हणजे काय? सिडकोने सहा योजनांत घरं बांधली तेव्हा ती एका खोलीची, दीड खोलीची होती. लोकांनी पोरं मोठी होत गेली तसे मजले चढवले, अजून चढवताहेत. त्यामुळे गल्लीत कुठे ना कुठे वाळूचा ढीग कायम असतो. दिवसा त्यावर मुलं किल्ले करतात, रात्री गल्लीतली सगळी मांजरं तिथे जाऊन मागच्या पायांनी वाळू ओढतात. सुंठीला घरी घमेलं आहे, तिला औषध मिळतं, तरी ती त्या ढिगावर जात नाही असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि ज्यांना कोणीच गोळी देत नाही अशी मांजरं तिच्या दसपट आहेत. माझ्या मांजराला औषध दिल्याने माझं घर जेवढं सुरक्षित होतं त्याहून जास्त गल्ली सुरक्षित होते एका साध्या गोष्टीने, जिला गोळी लागत नाही की डॉक्टर लागत नाही.

बांधकामाची वाळू उतरवली की त्याच संध्याकाळी तिच्यावर ताडपत्री टाका, कडेने विटा ठेवा. मांजरं तिथून उठून पुढच्या ढिगावर जातील. त्या घरालाही सांगा.